कासवातली फट

रोमन सैन्यात भरती व्हायचा माझा काडीइतकाही विचार नव्हता, हे मी आधीच स्पष्ट करतो, कारण आता लोक वाट्टेल ते बोलतात. सतीश तर आइंडहोव्हनभर सांगत फिरतो की विश्वासला लहानपणापासून तलवारीचं वेड. लहानपणी मला वेड होतं ते पोस्टाची तिकिटं जमवायचं, आणि आईने ती वही रद्दीत घातल्यावर तेही संपलं. माझा गुन्हा एवढाच, की शेजाऱ्याने कुंपणावरून विचारलं, "आमच्या रोमन तुकडीत येतोस का?" आणि मी आपल्या रीतीप्रमाणे म्हणालो, "हो हो, येईन की एकदा नक्की."

आपल्याकडे एवढं बोलून झालं की दोन्ही माणसं सुखाने आपापल्या घरी जातात. विचारणाऱ्याचा मान राहतो, न जाणाऱ्याची सुटका होते. पण समोर थेओ होता. त्याने खिशातून फोन काढला, कॅलेंडर उघडलं आणि शांतपणे विचारलं, "बुधवारी?"

थेओ म्हणजे आइंडहोव्हनजवळच्या न्यूनेन ह्या डच गावातल्या आमच्या गल्लीतलं डावीकडचं घर. ताडमाड उंची, पांढऱ्या मिशा, साठी उलटलेली, दिव्यांच्या कारखान्यातून निवृत्त, घरात एकटा. पुण्यात असतो तर मी त्याला थेओकाका म्हटलं असतं आणि दिवाळीला वाकून नमस्कार केला असता. इथे सगळाच कारभार अरेतुरेचा, त्यामुळे माझ्या बापाच्या वयाच्या माणसाला मी 'ए थेओ' म्हणतो आणि प्रत्येक वेळी जीभ जरा अडखळते. हा गृहस्थ शनिवार-रविवार सेंच्युरियन असतो, म्हणजे रोमन फौजेतला शंभर शिपायांवरचा अंमलदार. प्रत्यक्षात त्याच्या हाताखाली पंधराएक शिपाई होते आणि त्यातले दोघे गुडघ्याच्या ऑपरेशनला गेले होते, म्हणून साम्राज्याला माझी आठवण झाली.

ही इथली रीतसर हौस आहे बरं का. दोन हजार वर्षांपूर्वी ऱ्हाईनच्या काठाने रोमन छावण्या होत्या, आणि आजची शहाणीसुरती, कर भरणारी माणसं सुट्टीच्या दिवशी ते सगळं पुन्हा जगून दाखवतात. तसेच कपडे, तसेच तंबू, तशीच गव्हाची लापशी, तशीच कवायत. कोणी लोहार होतो, कोणी आचारी, कोणी भविष्य सांगतो. प्रेक्षक तिकीट काढून बघतात. आपल्याकडे शिवजयंतीच्या मिरवणुकीत मावळे असतात, पण त्यांच्या पायात स्पोर्ट्स शूज चालतात. इथे चालत नाहीत, तळाला खिळे ठोकलेल्या रोमन चपलाच लागतात, आणि तिथूनच माझे हाल सुरू झाले.

मग तू सरळ 'नाही' का म्हणाला नाहीस, असं सुमेधाने, म्हणजे माझ्या बायकोने, त्याच संध्याकाळी विचारलं. ती एका बँकेत जोखमीचे हिशोब करते आणि घरीही तिला दुसरं काही दिसत नाही. मी म्हणालो, "अगं, तोंडावर कसं नाही म्हणायचं? भीड म्हणून काही असते की नाही?" हे खरं होतं, पण अर्धंच. उरलेलं अर्धं मी तिला सांगितलं नाही, ते इथे सांगतो. मला एक डच मित्र हवा होता.

हसू नका. इतकी वर्षं इथे राहिलो, त्यांच्या भाषेची परीक्षा दिली, वाऱ्याच्या विरुद्ध सायकल हाकली, कच्चा हेरिंग मासा नाकाशी नेऊन परत ठेवला. ऑफिसातली माणसं चांगली आहेत, पण पाच वाजले की अशी गायब होतात की टेबलावर नुसता कॉफीचा कप उरतो. मराठी मित्र आहेत, आणि ते आहेत म्हणूनच जगतो. पण ज्या गावात मरेपर्यंत राहायचं कबूल केलंय, तिथल्या एकाही माणसाने मला 'काय रे, कसा आहेस' म्हणून दारात थांबवू नये, हे आत कुठेतरी फार लागतं. थेओने एकदा मला कुंपण कसं छाटावं हे तासभर समजावलं होतं. मी छाटलेलं किती वाईट आहे, हे त्याने त्यात पुन्हा पुन्हा सांगितलं. तरी त्या तासाभरात मला वाटलं होतं, हा माणूस होईल मित्र. आता चाळिशी उलटलेल्या माणसाला 'माझ्याशी मैत्री करशील का' असं विचारता येत नाही. त्यापेक्षा तलवार हातात घेणं सोपं वाटलं.

पहिल्या बुधवारी मी सुमेधाने शिवलेला लाल अंगरखा घालून गेलो. हानेका नावाच्या बाईंनी मला दिव्याखाली उभं केलं. तुकडीत अस्सलपणा तपासायचं काम त्यांच्याकडे. त्यांनी अंगरख्याचा काठ उलटा केला आणि चुकचुकल्या. "मशीनची शिलाई."

"हो," मी म्हणालो. "चांगली झालीय."

"रोमन लोकांकडे मशीन नव्हतं."

सगळी शिलाई उसवून हाताने घालायची, असं ठरलं. मग त्यांनी कपाळावर आठ्या घालून, सगळ्या फौजेसमोर, कांदेबटाट्याचा भाव विचारावा तशा सुरात विचारलं, "आणि आत काय घातलंयस?" मी पुण्याचा माणूस आहे. हा प्रश्न मला माझ्या डॉक्टरनेही कधी विचारलेला नाही. मी 'ते खासगी आहे' म्हणालो, तर त्या म्हणाल्या की रोमन काळात असं खासगी काही नव्हतं. त्यानंतर त्यांची नजर माझ्या नाकावर स्थिरावली आणि मला कळलं की खरं संकट अजून यायचंय.

"चष्मा चालणार नाही."

माझा नंबर उणे सात आहे. चष्मा काढला की मला जग पाण्यात सोडलेल्या साबणासारखं दिसतं. मी थेओकडे बघितलं. त्याने खांदे उडवले आणि म्हणाला की कॉन्टॅक्ट लेन्स घाल, त्या दिसत नाहीत. घातल्या. डोळ्यांना इतकं पाणी यायला लागलं की त्या महिन्याच्या फोटोत सगळी तुकडी आवेशात उभी आहे आणि मी एकटा सासरी निघालेल्या मुलीसारखा रडतोय. लेन्स सोडल्या. मग मी आंधळाच लढायचं ठरवलं.

आमची मुलगी संहिता तेव्हा नुकतीच चौदाची झाली होती. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर डचमध्ये येतं, आणि फार राग आला की इंग्रजीत. अंगरख्यातून माझे पाय गुडघ्याखाली उघडे दिसल्यावर ती थेट इंग्रजीत गेली. "बाबा, प्लीज. माझ्या शाळेतलं कोणी बघेल." मी म्हणालो, "अगं, हा इतिहास आहे." ती म्हणाली, "इतिहास पँट घालू शकतो."

आता चिलखत आणि शिरस्त्राण. इथे सतीशचा प्रवेश होतो. सतीश हा माझा कॉलेजपासूनचा मित्र, आणि त्याच्याकडे प्रत्येक विषयावर सल्ला तयार असतो, विषय नंतर शोधतो. तो म्हणाला, "वेडा की खुळा तू? ही सगळी रोमन शिरस्त्राणं बनतात कुठे? आपल्याकडे. मी गणपतीला पुण्याला चाललोच आहे, घेऊन येतो." ह्यात त्याचं चुकलं नाही, खरोखरच आणलं. चुकलं एवढंच, की बॅगेत जागा वाया जाऊ नये म्हणून त्याच्या आईने शिरस्त्राणात एका पिशवीत थालीपिठाची भाजणी आणि दुसरीत मेतकूट भरून दिलं. विमानात कुठेतरी मेतकुटाची पिशवी फुटली. विमानतळावर कस्टमच्या माणसाने बॅग उघडली, पिवळ्या पुडीने माखलेलं शिरस्त्राण वर उचललं आणि हे काय आहे असं विचारलं. सतीशने शक्य तितकं खरं सांगितलं. "माझा मित्र रोमन आहे. आणि हे आम्ही भाताबरोबर खातो."

ते शिरस्त्राण मी तीनदा घासलं, उन्हात ठेवलं, लिंबू लावलं. मेतकुटाचा वास गेला नाही तो नाहीच. शिवाय माप चुकलेलं. सतीशने स्वतःच्या डोक्यावर घालून बघून घेतलं होतं, आणि सतीशचं डोकं, आत काही असो-नसो, प्रशस्त आहे. शिरस्त्राण माझ्या डोक्यावर गरगर फिरायचं. कवायतीत 'उजवीकडे वळ' झालं की मी वळायचो आणि शिरस्त्राण समोरच बघत राहायचं. शेवटी सुमेधाने माझ्या बाबांची जुनी माकडटोपी काढून दिली. ती आत घातल्यावर घट्ट बसलं. दोन आठवडे कोणाला कळलं नाही. मग एका दमट बुधवारी हानेकाबाईंना माझ्या कानापाशी तपकिरी लोकर दिसली आणि त्यांनी सगळ्यांसमोर तिचं टोक धरून ओढायला सुरुवात केली. ती बाहेर येतच राहिली.

सरकारदरबारचं वेगळंच. तलवार बोथट असली तरी रस्त्यातून कशी न्यायची, गुंडाळून की पेटीत, हे विचारून घे, असं थेओने बजावलं होतं. मी खेमेंतेमध्ये, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, अपॉइंटमेंट घेतली. काउंटरवरच्या मुलीने मला लग्न, जन्म, मृत्यू आणि पार्किंग असे चार पर्याय दिले. तलवार कशातच बसेना. तिने साहेबांना बोलावलं. साहेबांनी तलवारीच्या धारेवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "ह्याने काही कापलं जात नाही?" मी अभिमानाने नाही म्हणालो. ते म्हणाले, "मग कशाला घेतली?" मी ती परत गुंडाळली आणि निघालो.

त्याहून वाईट विमा. तुकडीच्या नियमाप्रमाणे आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा विमा हवा. माझा होताच, पण त्यात युद्धात झालेलं नुकसान वगळलेलं. मी फोन केला. पलीकडची बाई फार गोड बोलत होती. तिने विचारलं, "तुमच्यावर हल्ला होणार आहे का?"

"हो," मी म्हणालो. "रविवारी दुपारी, जेवणानंतर."

"तुम्हाला आधीपासून माहीत आहे?"

"कार्यक्रमपत्रिकेत छापलंय."

"मग तो अपघात धरता येत नाही, सर," ती हळहळून म्हणाली.

सतीश म्हणाला की सोड हा नाद, मराठी मंडळाच्या नाटकात काम कर, तिथे चष्मा चालतो. सुमेधा म्हणाली की अजून वेळ गेलेली नाही, तापाचं सांग. आणि खरोखर मी तापाचं सांगणार होतो. पण तेवढ्यात खंडेनवमी आली.

आता आपल्या घरात हत्यार आहे आणि खंडेनवमीला त्याची पूजा नाही, हे काही माझ्याच्याने झालं नसतं. गावाकडे आम्ही त्या दिवशी विळी, पान्हे, बाबांची स्कूटर सगळं पूजायचो. मी दिवाणखान्यात पाटावर तलवार, ढाल आणि मेतकुटाचं शिरस्त्राण मांडलं, हळदकुंकू वाहिलं, बागकामाच्या दुकानातून आणलेल्या झेंडूची माळ घातली. उदबत्ती लावतोय तोच थेओ कवायतीची वेळ बदलल्याचं सांगायला आला. मी दचकलो. आता हा हळद बघून हानेकाबाईंना सांगणार, असं वाटलं. तो दारातच थांबला, बूट काढले (हे त्याने आजवर कधी केलं नव्हतं), आत येऊन पाटासमोर उभा राहिला. मग म्हणाला की रोमन लोकसुद्धा वर्षातून ठराविक दिवशी फौजेची निशाणं फुलांनी सजवायचे, त्याने हे पुस्तकात शंभरदा वाचलंय, पण कोणी खऱ्या मनाने करताना पाहिलं नव्हतं. "आम्ही नुसतं दाखवतो," तो म्हणाला. "तू करतोयस."

त्याने प्रसादाचा शिरा दोनदा घेतला. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. डच माणूस उगाच कोणाला हात लावत नाही. सुमेधा स्वयंपाकघरातून बघत होती. तिने त्यानंतर तापाचं नाव काढलं नाही.

तर असा तो रविवार उजाडला. एका संग्रहालयाच्या मैदानावर छावणी पडलेली, आदल्या रात्रीच्या पावसाने गवत निसरडं. सतीश मराठी मंडळातली वीसेक माणसं घेऊन आला होता, सगळ्यांचे फोन वर. संहिता आली, पण आमचा काही संबंध नाही इतक्या अंतरावर, आइस्क्रीमच्या गाडीपाशी उभी राहिली. म्हणजे असं सुमेधाने मला नंतर सांगितलं. मला स्वतःला फक्त हिरवं, करडं आणि मधूनमधून लाल दिसत होतं. त्यातलं सर्वांत उंच लाल ते थेओ, हे मी पाठ केलं होतं.

दिवसाचा मुख्य कार्यक्रम म्हणजे कासव. सगळे शिपाई एकमेकांना चिकटून उभे राहतात, पुढचे ढाली समोर धरतात, मागचे डोक्यावर धरतात, की वरून बाण आले तरी आत शिरायला फट राहत नाही. मग ते कासव एका लयीत पुढे सरकतं. ह्यातली एकच अट, थेओने ती मला महिनाभर घोकून घेतली होती: काहीही होवो, वरची ढाल हलवायची नाही. मी त्याच्या बरोब्बर मागे होतो. माझी ढाल त्याच्या डोक्यावरचं छप्पर. ही जागा त्याने स्वतः मला दिली होती. हानेकाबाईंचा विरोध होता.

थेओने लॅटिनमध्ये हुकूम दिला. आम्ही निघालो. आत अंधार, घाम, चामड्याचा वास, आणि मेतकूट. पाच-सहा पावलं झकास गेली. मला वाटलं, जमलं. जन्मात पहिल्यांदा मी डच माणसांच्या मधोमध आहे आणि कोणी मला 'तू मूळचा कुठला' असं विचारत नाहीये. डोळे भरून आले म्हणा ना. आणि त्याच क्षणी माझी खिळे ठोकलेली चप्पल पुढे थेओच्या पायाला लागली.

वाचकहो, तुम्ही मराठी आहात. मी काय केलं असेल हे तुम्हाला सांगायला नको. वडीलधाऱ्या माणसाला पाय लागला. शिवाय कमरेला पूजलेली तलवार. विचार करायला वेळच नसतो, ते आपल्या हाडात असतं. लहानपणी वहीला पाय लागला तरी आजीची नजर यायची. माझा हात ढाल सोडून खाली गेला, थेओच्या पोटरीला लागला, आणि तिथून माझ्या कपाळाकडे निघाला. कपाळापर्यंत पोचला नाही.

कारण ढाल थेओच्या डोक्यावर पडली होती. तो थांबला. मी वाकलेला होतो, म्हणून मागचा शिपाई माझ्यावरून पुढे गेला. त्याच्या मागचे दोघे त्याच्यावर. ओल्या गवतावर खिळ्यांच्या चपला म्हणजे घसरगुंडीच. कासव आधी एका बाजूला कललं, मग उताणं झालं, आणि सबंध रोमन फौज शत्रूची वाट न बघता आपली आपणच जमीनदोस्त झाली. पलीकडे शत्रू म्हणून जे दाढीवाले उभे होते ते काही क्षण तसेच भाले धरून थांबले, मग मदतीला धावले. प्रेक्षकांना वाटलं की हा कार्यक्रमाचाच भाग आहे. टाळ्या बऱ्याच वेळ चालल्या. मराठी मंडळाच्या बाजूने 'वन्स मोअर'सुद्धा आलं.

सगळे उठले. थेओ उठला नाही. तो उजवं मनगट डाव्या हाताने धरून गवतावर बसून राहिला होता.

सुमेधाने गाडी चालवली. मी चिलखतासकट पुढे, तो मागे आडवा. हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत दोन रोमन शिरल्यावर लोकांनी मासिकं खाली ठेवली. मी बसलो की खणखण, उठलो की खणखण. काउंटरवरच्या नर्सने थेओला विचारलं, काय झालं? थेओ डच आहे, त्यामुळे त्याने खरं ते सांगितलं. "हा माझ्या पायाला नमस्कार करत होता." तिने ते लिहून घ्यायला सुरुवात केली आणि थांबली. मग माझ्याकडे पेन दाखवून विचारलं, "हे तुमचे कोण?"

 इतके महिने मी ज्या शब्दासाठी आंधळा होऊन, रडून, अंगरख्यातून पाय दाखवून राबलो होतो, तो आता आला तर येणार होता. थेओने नीट विचार केला.

"शेजारी," तो म्हणाला.

मी खिळ्यांच्या चपलेकडे बघत बसलो. मनात म्हटलं, विश्वासराव, झालं तेवढं पुष्कळ झालं. ज्याच्याशी मैत्री करायची त्याचा हात मोडून बसलास. गाढवसुद्धा एवढं करत नाही. सुमेधाने पर्समधून माझा चष्मा काढून दिला. तो घातला, तेव्हा दिवसभरात पहिल्यांदा मला थेओचा चेहरा दिसला. तो पांढराफटक पडला होता, मिशा ओल्या होत्या, आणि एवढा मोठा माणूस त्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बारीक दिसत होता.

प्लॅस्टर घालून झाल्यावर डॉक्टर म्हणाले की डोक्यालाही मार आहे, आज घरी कोणीतरी सोबत हवं. कोण आहे? ज्याच्याकडे कुंपणापासून सीझरपर्यंत प्रत्येक प्रश्नाचं उत्तर असतं, तो थेओ वाकून चपलेचा पट्टा डाव्या हाताने ओढत राहिला. मग म्हणाला की त्याची काही गरज नाही, मी बघेन माझं.

"गरज नाही कशी?" सुमेधा मराठीतच म्हणाली, आणि मग डचमध्ये डॉक्टरांना सांगितलं की हे आमच्याकडे येतायत. कोणी तिला विचारलं नव्हतं. थेओ म्हणाला, हे आधी ठरलेलं नव्हतं. सुमेधा म्हणाली, आता ठरलं.

तो एका रात्रीसाठी आला. डाव्या हाताने वरणभात खाल्ला आणि भात जास्त मऊ झालाय म्हणाला. माझा लेंगा घातला, तो त्याच्या पोटऱ्यांपर्यंत आला. दुसऱ्या दिवशी त्याला बूट बांधता येईनात, तिसऱ्या दिवशी डबा उघडता येईना, म्हणून तो राहिला. संहिताची खोली त्याला दिली आणि ती सोफ्यावर आली. ती इंग्रजीत जाईल म्हणून मी तयारीत होतो, पण थेओ तिला ऱ्हाईनच्या लढाया सांगायचा आणि ती ऐकायची. माझ्याकडून तिने कधी बसचं वेळापत्रकही ऐकून घेतलेलं नाही.

पुढच्या आठवड्यात तुकडीची मूल्यमापनाची बैठक होती. इथे मूल्यमापनाशिवाय सहलसुद्धा संपत नाही. थेओला बाहेर पडायचं नव्हतं, म्हणून ती आमच्याच दिवाणखान्यात भरली. विषय एकच: मी. माझ्याच घरात, माझ्याच सोफ्यावर बसून, माझ्याच बायकोने तळलेले बटाटेवडे खात पंधरा डच माणसांनी मी किती धोकादायक आहे ह्यावर सांगोपांग चर्चा केली. मी चहा देत होतो. हानेकाबाई म्हणाल्या, "विश्वास, हे वैयक्तिक नाही हं," आणि आणखी एक वडा घेतला. मला काढावं का, ह्यावर हात वर करायचे होते. सगळे हात वर गेले. सर्वांत शेवटी एक प्लॅस्टर घातलेला हात, दुखत असणार, पण हळूहळू वर गेला. ट्रे हातात धरून मी त्या हाताकडे बघितलं.

निघताना हानेकाबाईंनी सुमेधाला विचारलं की तू येशील का, आम्हाला रोमन पद्धतीने कापड नेसवता येणारं कोणी हवंय. सुमेधा म्हणाली, "नाही, मला वेळ नाही." त्या म्हणाल्या, "बरं." आणि गेल्या. संपलं. एवढंच होतं ते. मी दारात दगडासारखा उभा राहिलो.

त्यानंतर तरी थेओ जाईल असं मला वाटलं होतं. गेला नाही. खिडकीपाशी खुर्ची घेऊन बसायचा. आमची झाडं चुकीच्या कुंडीत आहेत, आमचे पडदे उन्हाळ्याचे आहेत, मी फोनवर फार मोठ्याने बोलतो, असं सगळं तो रोज सांगायचा. सतीश म्हणाला, "अरे, त्याला आता सांग की बाबा, तुझं घर भिंतीपलीकडे आहे." मी सांगणार होतो. रोज सांगणार होतो.

मग अपघातानंतरची पहिली कवायत आली, आणि त्या बुधवारी संध्याकाळी आम्ही दोघे मागच्या अंगणात बसलो होतो. गल्लीतून तुकडी कवायतीला निघाली. विटांच्या रस्त्यावर खिळ्यांच्या चपलांचा आवाज एका लयीत येत गेला, आमच्या घरावरून पुढे गेला आणि कमी कमी होत थांबला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती त्याच्याशिवाय चालली होती.  मी म्हणालो, "थेओ, मला माफ कर. माझ्यामुळे तुझं हे सगळं गेलं."

"कशाबद्दल माफ?" त्याने खरोखर न समजून विचारलं. "तू चुकलास. तुला काढलं. मी पण मत दिलं. ते झालं."

"मग तू इथे..." मी म्हणालो, आणि पुढचं भिडेने तोंडातच राहिलं.

तो आपल्या प्लॅस्टरकडे बघत राहिला.  

"घरी फार शांत असतं," तो म्हणाला.

 मी आत गेलो, आल्याचा चहा टाकला, दोन कप भरून आणले आणि त्याच्याजवळ खुर्ची ओढून बसलो. त्याने डाव्या हाताने कप उचलला, एक घोट घेतला, जिभेवर घोळवला.

"कालचा बरा होता," तो म्हणाला.